सीट सात आहेत, पण तीन मुलं कुठे बसवायची?

जाहिरातीत ‘सेव्हन सीटर’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या सातही सीटवर धडधाकट मोठी माणसं धरलेली असतात. मागच्या रांगेत वाकून चढू शकणारी, आपला पट्टा आपण लावणारी. लहान मूल त्या हिशेबात नसतंच. त्याला कुणाची तरी मांडी मिळेल असं कंपनी धरून चालते, विकणारा धरून चालतो आणि घरातली माणसंही धरून चालतात. माझं म्हणणं असं आहे की, घरात दोनपेक्षा जास्त लहान मुलं असतील तर मोठी गाडी घेताना माणसं नंतर मोजा, आधी चाइल्ड सीट मोजा. आणि ही मोजणी गिऱ्हाइकावर सोडून न देता कंपन्यांनी ती छापून द्यावी, सरकारनं ती छापायला लावावी.

आमचं घर पुण्यात, सिंहगड रोडला. थोरली सात वर्षांची, पाठचे जुळे दीड वर्षाचे. सासूबाई आणि सासरे (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) आमच्याजवळच असतात. गाव कऱ्हाडच्या अलीकडे, त्यामुळे गणपती, दिवाळी, गावची यात्रा, कुणाचं बारसं, कुणाचं लग्न असं निमित्त झालं की आम्ही खंबाटकी घाट ओलांडतोच. जुन्या हॅचबॅकमध्ये थोरलीची एक सीट नीट बसायची. जुळे आल्यावर गाडी बदलणं भाग होतं. “सात माणसं, सात सीट. एवढं बघायचं काय त्यात?” असं बाबा म्हणाले. बाबांचा हा हिशेब महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असाच मांडला जातो.

मांडीचा प्रश्न आधी निकाली काढते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आम्ही चार-चार पोरं मांडीवर घेऊन जीपमधून पंढरपूर केलं. आईच्या हातातून पोर कधी सुटतं का?” त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ताशी 50 किलोमीटर वेगानं चाललेली गाडी जागच्या जागी थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. त्या क्षणी दहा किलोच्या बाळाचा जोर दोनशे किलोच्या पुढे जातो. कुठल्याही आईचे हात तेवढे पेलू शकत नाहीत. आईनं पट्टा लावला नसेल, तर तिचंच वजन बाळावर येतं. एकाच पट्ट्यात दोघांना अडकवलं तर त्याहून वाईट, कारण बाळ आई आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडतं. हे मी सासूबाईंना कागदावर आकडे लिहून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “मग तिघांना तीन खुर्च्या पाहिजेत.” त्या दिवसापासून घरात माझ्या बाजूनं सगळ्यात ठामपणे त्याच बोलतात.

कायदाही हेच सांगतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 194-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालआसनानं सुरक्षित केलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. रस्त्यावर हा दंड झालेला माणूस मला अजून भेटायचाय. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते महागड्या, भक्कम गाडीत मागे बसले होते, पण त्यांनी पट्टा लावला नव्हता. त्यानंतर काही महिने मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली. मागे बसलेल्या मुलांची चर्चा तेव्हाही झाली नाही. त्याच वर्षी देशात पट्टा न लावल्यामुळे 16,715 माणसं गेली आणि त्यातली निम्मी गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती.

आता गाडीकडे येते.

बाजारात मिळणारी बहुतेक चाइल्ड सीट 43 ते 45 सेंटिमीटर रुंद असते. मी टेप घेऊन शोरूममध्ये गेले. एका लोकप्रिय गाडीच्या मधल्या रांगेची रुंदी दारापासून दारापर्यंत 132 सेंटिमीटर भरली. कागदावर 44 च्या तीन सीट अगदी तंतोतंत बसतात. प्रत्यक्षात बसत नाहीत. त्याची कारणं शोरूममधल्या कुणालाच सांगता आली नाहीत, ती मला सीट लावताना कळली.

पहिलं कारण आयसोफिक्स. बैठक आणि पाठ यांच्या फटीत लोखंडी कड्या असतात. त्यांच्यात 28 सेंटिमीटर अंतर ठेवलेलं असतं आणि चाइल्ड सीटचे दोन दांडे त्यांना टक् असा आवाज करून पकडतात. सोय अतिशय चांगली, पट्ट्यानं बांधताना होणाऱ्या चुका तिच्यात होत नाहीत. पण या कड्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या दोन टोकांनाच असतात. त्या पक्क्या जागी असल्यामुळे सीट चार बोटं दाराकडे सरकवू म्हटलं तरी सरकत नाही. मधल्या जागेला कड्या नाहीत, तिथे पट्ट्यावरच भागवायचं. जुन्या गाड्यांत तर मध्ये नुसता कमरेचा पट्टा असतो. त्यावर बहुतेक चाइल्ड सीट बांधताच येत नाहीत.

दुसरं कारण त्याहून बारीक, पण रोजच्या वापरात तेच जास्त छळतं. आम्ही जुळ्यांच्या दोन्ही सीट टोकांना लावल्या आणि थोरलीचा बूस्टर मध्ये ठेवला. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, जिच्यामुळे मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर न येता खांद्यावरून जातो. थोरली मध्ये बसली. तिनं पट्टा ओढला, आणि तो अडकवायचं बकल कुठेच सापडेना. शेजारच्या सीटचा प्लास्टिकचा फुगीर काठ बकलवर आला होता. तिनं बोटं फटीत घातली, मनगट वळवलं आणि “आई, हात जात नाही” म्हणून माझ्याकडे बघितलं. मग मी प्रयत्न केला, माझाही हात गेला नाही. शोरूममधला मुलगा धावत आला आणि म्हणाला, “मॅडम, मधल्यांना पट्ट्याची तेवढी गरज नसते.” त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण रोज गाड्या विकणाऱ्या माणसाला ज्या गोष्टीचं प्रशिक्षण मिळत नाही, ती गोष्ट त्या धंद्याच्या लेखी किती महत्त्वाची आहे हे त्यावरून समजतं.

तीन सीट एका रांगेत न मावणं हा काही फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. जॉर्डन निकर्सन आणि डेव्हिड सोलोमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये असं मांडलं की, तिथल्या चाइल्ड सीटच्या कायद्यांमुळे काही कुटुंबं तिसरं मूलच टाळतात, कारण तिसरी सीट बसवायला मोठी गाडी घ्यावी लागते. त्यांच्या निष्कर्षावर वाद होऊ शकतो. गाडीची रुंदी घरातले निर्णय ठरवते, एवढं मात्र त्यातून दिसतं.

मग सगळे म्हणतात, तिसरी रांग आहे ना! तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून पुढे उलटवावी लागते. तिच्यावर चाइल्ड सीट पक्की बसवलेली असेल तर ती उलटत नाही. म्हणजे मधल्या बाकावर दोन सीट लावल्या की मागच्या रांगेची वाटच बंद. दर वेळी एक सीट काढा, माणसं मागे बसवा, पुन्हा सीट लावा. लग्नाच्या गडबडीत, पावसात, हॉटेलच्या अंगणात हे कोण करणार? दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणणारच, “राहू दे आता, घे मांडीवर.” चांगली विकत घेतलेली सीट माळ्यावर जाते ती अशीच. कुणाची नियत वाईट नसते, गाडीची रचना माणसाला तिकडे ढकलते.

शिवाय मागच्या रांगेत आयसोफिक्सच्या कड्या सहसा नसतात. मागून धडक बसली तर तिथल्या माणसाच्या पाठीशी फारशी जागा उरत नाही. बाजूचा पडद्यासारखा एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे प्रत्येक गाडीत वेगळं विचारावं लागतं. आणि डिकी! तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी 209 लिटरची राहते, ट्रायबरची 84 लिटरची. जुळ्यांची बाबागाडी घडी करूनही त्यात जात नाही, बॅगा राहिल्या दूरच. मग छताला कॅरियर लावायचा. बोलेरो किंवा जुन्या सुमोसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर आडव्या सीट असतात. तिथे चाइल्ड सीटचा विचारही करू नये.

आमच्यापुरता मार्ग निघाला तो मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेल्या गाडीत. कॅप्टन सीट म्हणतात त्यांना. दोन्हींना कड्या आहेत, दोन्हींवर जुळ्यांच्या सीट कायम लावलेल्या असतात आणि मधल्या बोळातून थोरली आपण होऊन मागे जाते. मागे तिचा बूस्टर, शेजारी मी. तिचं बकल उघडं राहतं, पट्टा ती स्वतः लावते आणि लावला की मोठ्यानं सांगते.

जुळ्यांना आम्ही अजून उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतो. युरोपातल्या आय-साइज या मानकानुसार पंधरा महिन्यांपर्यंत तसं बसवणं बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये तर मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात. तिथल्या बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांची आसनं बघून साठच्या दशकात ही कल्पना मांडली. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कोवळी असते. उलटं बसलेल्या बाळाला समोरून धडक बसली तर तो तडाखा सगळ्या पाठीवर विभागला जातो, मान झटकत नाही. सासूबाईंना आधी वाटायचं, पोरं एकटी पडतील, रडतील. झालं उलटंच. मी तिसऱ्या रांगेत बसते, त्यामुळे दोघांची तोंडं माझ्याकडेच असतात. बाटली द्यायची, शेंबूड पुसायचा, सुटलेला मोजा घालायचा, सगळं बसल्या जागेवरून होतं.

उलट्या सीटला लांबीही जास्त लागते. तिच्यापुढची सीट पुढे सरकवावी लागते आणि चालवणारा उंच असेल तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून चालवणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवूनच मोजमाप करा. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी चाइल्ड सीट कधीही लावू नका. एअरबॅग फुटला तर थेट बाळाच्या डोक्यामागे आदळतो. तो बंद करायचं बटण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत नसतंच.

गाडी सहा सीटची आहे आणि आम्ही सात. सातवी सीट आम्ही सोडली. गावी जाताना सासूबाई पुढे बसतात आणि बाबा स्वारगेटहून एसटीनं येतात. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, 2022 पासून त्या वयाच्या ज्येष्ठांना राज्यभर एसटी मोफत आहे. “नातवंडांना पट्टे, मला लालपरी” असं ते गावात सगळ्यांना सांगतात. आम्ही गाडी नवी घेतली नाही, दोन वर्षं वापरलेली घेतली. वाचलेल्या पैशांतून सीट मात्र नव्या आणि चांगल्या घेतल्या. जुनी चाइल्ड सीट ओळखीतून मिळाली तरी घेऊ नये. ती अपघातातून गेलेली आहे का, हे बाहेरून बघून कळत नाही.

गाड्यांना धडकेच्या चाचणीत मिळणाऱ्या ताऱ्यांबद्दलही एक सांगायचं आहे. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली, चांगलं झालं. पण जाहिरातीत झळकतात ते तारे सहसा मोठ्यांच्या सुरक्षिततेचे असतात. मुलांचे गुण वेगळे, 49 पैकी, ते वेगळे बघावे लागतात. ग्लोबल एनकॅपच्या 2022 च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. 2024 मध्ये कॅरेन्सला याच्या उलट, मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठी पाच. त्याच वर्षी एर्टिगाला मोठ्यांसाठी एक, मुलांसाठी दोन. पुढे तिच्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग आले. सफारीला भारत एनकॅपमध्ये दोन्हींसाठी पाच. म्हणून चाचणी कुठल्या वर्षाची आणि कुठल्या मॉडेलची, तेही विचारा. धडकेच्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या दोनच डमी बसवतात. तीन मुलं शेजारी-शेजारी बसवून ही धडक कुणी देत नाही.

सरकारकडे माझं गाऱ्हाणं दोन बाबतींत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाडीवर 40 टक्के. आधीच्या उपकरासकट पडणाऱ्या करापेक्षा हा कमी आहे, हे मान्य. पण 2006 च्या अर्थसंकल्पापासून गाडीची लांबी करासाठी मोजली जाते आणि तेव्हापासून कंपन्या चार मीटरच्या आत जमेल तेवढं कोंबत आल्या आहेत, अगदी तिसरी रांगसुद्धा. तीन मुलं आणि दोन म्हातारी माणसं असलेल्या घराला मोठी गाडी चैनीसाठी लागत नाही. अशा घरानं पंचवीस लाखांच्या एसयूव्हीइतकाच कर भरावा, हे मला पटत नाही. कर ठरवताना लांबीऐवजी किती चाइल्ड सीट नीट बसतात हे बघितलं, तर कंपन्या दोन वर्षांत तिसऱ्या जागेलाही कड्या बसवून देतील.

दुसरं गाऱ्हाणं माहितीचं. मायलेज छापतात, डिकीचे लिटर छापतात, कपहोल्डरची संख्यासुद्धा छापतात. किती चाइल्ड सीट एका वेळी बसतात, कुठल्या जागी कड्या आहेत, सीट लावलेली असताना मागच्या रांगेत जाता येतं का, या तीन ओळी किंमतपत्रिकेवर सक्तीच्या करायला कायदा बदलावा लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मोठी गाडी घेणारे मूठभर आहेत, बाकीचे दुचाकीवर मुलं नेतात. खरं आहे, आणि त्यांची काळजी जास्तच करायला हवी. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं, वेग ताशी 40 च्या आत, हा नियम 2023 पासून आहे. तोही पाळला जात नाही. पण एकाकडे दुर्लक्ष होतं म्हणून दुसऱ्याकडेही करावं, हे काही त्याचं उत्तर नाही.

गाडी बघायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. घरातल्या सगळ्या चाइल्ड सीट आणि सगळी मुलं सोबत न्या. शोरूममध्येच सीट लावा, मुलांना बसवा, पट्टे लावा, मग आजीला मागे चढायला आणि उतरायला सांगा. विकणारा घाई करेल, टेस्ट ड्राइव्हला चला म्हणेल, ऑफर उद्या संपतेय म्हणेल. बकलपर्यंत मुलाचा हात पोहोचल्याशिवाय टोकन देऊ नका.